स्वयंप्रश्न

मजकूर वाचताना वाचकाने त्याविषयी स्वतःलाच प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे शोधत पुढे जाणे, ही वाचन-आकलनाची पद्धत. धड्याखालचा स्वाध्याय किंवा गुरुजींनी विचारलेले प्रश्न यात मोडत नाहीत. प्रश्न वाचकाचा स्वतःचा असावा लागतो. गाईडमधले तयार प्रश्न पाठ करून हे साधत नाही.

उगम : आधुनिक शिक्षणशास्त्रात या पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांच्या १९४६ मधील ग्रंथापासून धरतात. त्यांच्या पंचपदीत (चाळणे, प्रश्न, वाचन, कथन, उजळणी) प्रश्नाला दुसरे स्थान आहे. शीर्षकाचाच प्रश्न करून मग वाचायला बसायचे. भारतीय परंपरेत याचे मूळ शोधणारे अभ्यासक मीमांसेतील (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातील) पूर्वपक्षाकडे बोट दाखवतात. ही तुलना पूर्णपणे पटत नाही. मीमांसेतील अधिकरणाची, म्हणजे एकेका मुद्द्यावरील चर्चेची, पाच अंगे सांगतात : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि पाचवे कोणी निर्णय तर कोणी संगती मानतात. यातील पूर्वपक्ष ही प्रतिपक्षाची भूमिका असते व ती खोडायचीच असते. संशय मात्र वाक्याचे दोन अर्थ संभवतात म्हणून अभ्यासकाच्या मनात उभा राहतो. स्वयंप्रश्नाला जवळचे अंग हेच म्हणावे लागेल. अर्थात, हे साम्य आहे, वारसा नव्हे. रॉबिन्सन यांची पंचपदी मीमांसेतून आली असे मानण्यास आधार नाही.

कार्य : आपल्याला कळलेले नाही, हेच वाचकाला पुष्कळदा कळत नाही. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये दाखवले की उताऱ्यातील उघड विसंगतीही प्राथमिक शाळेतील अनेक मुलांच्या लक्षात येत नाही. प्रश्न केला की ही उणीव उघडी पडते. ॲनमरी पॅलिंक्सार व ॲन ब्राऊन यांच्या १९८४ मधील प्रयोगात वाचनात मागे पडलेली सातवीची मुले आळीपाळीने गुरुजींची जागा घेत आणि प्रश्न, सारांश, शंकानिरसन व अंदाज या चार गोष्टी करीत. त्यांचे आकलन लक्षणीय सुधारले. रोझेनशाइन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २६ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात परिणामाचे मध्यक मूल्य (प्रश्न करायला शिकवलेल्या व न शिकवलेल्या मुलांतला फरक, प्रमाण विचलनाच्या मापात) संशोधकांनी बनवलेल्या चाचण्यांवर ०.८६, तर प्रमाणित चाचण्यांवर ०.३६ निघाले. संशोधकाची चाचणी त्याने शिकवलेल्या गोष्टीलाच धरून असू शकते, म्हणून यांतला लहान आकडाच अधिक विश्वासाचा मानणे बरे. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे ही साधी प्रश्नपदे हाताशी दिली की मुलांना प्रश्न चांगले सुचतात, असेही त्या आढाव्यात दिसते.

उदाहरणार्थ, बेळगाव जिल्ह्याविषयीचे 'खानापुरात पाऊस भरपूर पडतो, पूर्वेला अथणीकडे जावे तसा तो कमी होतो' हे वाक्य. कुठे जास्त, याचे उत्तर वाक्यातच आहे. का, याचे उत्तर तिथे नाही. सह्याद्री आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे ठाऊक असतील तरच ते सापडते. 'मग अथणीचा शेतकरी काय पेरत असेल?' हा प्रश्न ज्या मुलाला सुचतो, त्याने ते वाक्य खरोखर वाचले.

बेळगाव सीमाभागात : बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी मुलांच्या घरात मराठी, तर बाजारात आणि कचेरीत कन्नड असते. मराठी शाळेतही कन्नड शिकावे लागते. दोन्ही भाषांत संस्कृत शब्द भरपूर, पण अर्थ कधी कधी वेगळे. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी, कन्नडमध्ये घाई. मराठीत 'अनुमान' म्हणजे निष्कर्ष, कन्नडमध्ये मात्र संशय. 'पुढील उताऱ्यावरून अनुमान काढा' ही सूचना वाचताना इथल्या मुलाला एक जादा प्रश्न विचारावा लागतो : हा शब्द इथे कोणत्या भाषेतला? एकभाषी प्रदेशांत घडलेल्या प्रश्नांच्या वर्गीकरणांत या प्रश्नाला सहसा वेगळे स्थान दिलेले नसते. सीमाभागात ते द्यायला हवे.

शाळेबाहेर ही सवय वेगळ्या वाटेने लागते. घरी कन्नडमधला सरकारी कागद आला की अनेक घरांत तो शाळकरी मुलासमोर ठेवतात. मूल ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचते, मधेच थांबते आणि आजोबांना सांगण्याआधी स्वतःशीच पुटपुटते : कोणी पाठवलंय, कशासाठी, कधीपर्यंत भरायचं.