सकाळी फूल, दुपारी पावडर

फुलांचा पावडरी सेंट दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून घेतला, तर आपण त्याच्या पहिल्या 15 मिनिटांचे पैसे मोजतो. ज्या मऊ, तोंडाच्या पावडरीसारख्या वासासाठी तो घ्यायचा, तो तेव्हा पुढे आलेलाच नसतो. तो खुलतो अंगावर, तोही तीन-चार तासांनी.

मनगटावर फवारा पडताच थंड लागतं, कारण अल्कोहोल उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. पाठोपाठ संत्र्याच्या सालीसारखा टवटवीत वास येतो. तो मुख्यतः सालीतल्या लिमोनीन या द्रव्याचा, आणि तो लवकर विरतो. मग फुलं पुढे येतात. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणत आणि आजही इथल्या फुलबाजारात गुलाबाचे ढीग लागतात. त्यातली एक पाकळी बोटांत चुरगळून हुंगा: त्या वासात फेनिल इथाइल अल्कोहोल, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल असतात. सेंटमधल्या गुलाबातही हेच.

इथे एक गंमत आहे. फेनिल इथाइल अल्कोहोलचा रेणुभार 122, लिमोनीनचा 136. म्हणजे गुलाबाचा रेणू हलका, तरी तो जास्त वेळ टिकतो. त्याच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. तिच्यामुळे हे रेणू एकमेकांना आणि शेजाऱ्यांना धरून राहतात, सहज सुटून हवेत जात नाहीत. वास किती टिकणार हे नुसत्या वजनावर ठरत नाही, ही पकडही मोजावी लागते.

दुपार होता होता उरतात ती सावकाश उडणारी सुगंधी द्रव्यं: आयोनोन, हेलिओट्रोपिन, कुमारिन, व्हॅनिलिन आणि मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे वास. यांतली मधली तिन्ही शुद्ध रूपात चक्क पांढरे स्फटिक असतात. हेलिओट्रोपिन तर 37 अंशांना वितळतं, म्हणजे नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारी त्याची बाटली उघड्यावर ठेवली तर आत पाणी झालेलं दिसेल! पण या वासाला पावडरी म्हणतात त्याचा स्फटिकांशी संबंध नाही. पावडर ज्याची करतात तो टाल्क हा दगड, त्याला स्वतःचा वास नाही. तोंडाला लावायच्या पावडरींना पिढ्यान् पिढ्या हेच सुगंध घातले गेले, म्हणून मेंदूने दोन्हींची गाठ मारून ठेवली.

या पावडरी वासाचं एक जुनं घराणं म्हणजे आयरिस या फुलझाडाचं मूळ, खरं तर जमिनीखालचा कंद. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास तो पिकवतात. ताज्या कंदाला म्हणावा तसा वास नसतो. सुकवून काही वर्षं ठेवला की हवेतल्या ऑक्सिजनने आतली द्रव्यं हळूहळू बदलतात आणि आयरोन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. इतकी वाट पाहायची म्हणून अर्क अतिशय महाग. टीमान आणि क्रूगर हे जर्मन रसायनज्ञ हाच वास प्रयोगशाळेत बनवू पाहत होते. 1893 मध्ये त्यांच्या हाती लागला तो त्याचा जवळचा भाऊबंद, आयोनोन. आजच्या अनेक पावडरी सेंटांचा कणा तोच आहे.

आयोनोनचा वास मध्येच गायब होतो आणि पुन्हा येतो. सेंट उडालेला नसतो, नाकातले वास टिपणारे ग्राही त्याला तेवढ्यापुरते दाद देत नाहीत. बीटा-आयोनोन तर काहींना जन्मतःच नीट कळत नाही, कारण ओआर-5-ए-1 या जनुकाचा त्यांच्याकडचा नमुना वेगळा असतो. एकाच सेंटला बहीण 'किती गोड' म्हणते आणि भावाला तो आंबूस लागतो, यात कुणीच खोटं बोलत नसतं. मस्कचंही असंच: काहींना विशिष्ट मस्क अजिबात येत नाही. म्हणून वास गेला असं वाटलं तर पुन्हा फवारण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारावं.

मनगटं एकमेकांवर घासल्याने रेणू तुटतात, ही समजूत चुकीची. घासल्याने ऊब मात्र वाढते आणि वरचा टवटवीत भाग लवकर उडतो. तेलकट त्वचेवर सुगंध मुरून राहतो, कोरडीवर भराभर उडतो. जानेवारीत निफाडकडून बोचरी हवा येते आणि हात पांढरे पडतात, तेव्हा आधी बिनवासाचं मलम चोळावं, मग सेंट. एप्रिल-मेमध्ये उलट: उन्हात सगळंच वेगाने हवेत जातं, जड गोड वास अंगावर येतो, तेव्हा एक फवारा पुरे, आणि तोही निघण्याच्या अर्धा तास आधी.