समेआधीचा क्षण

1737 साली स्पेनच्या राणीने फारिनेल्ली या नामांकित गायकाला दरबारी बोलावून घेतलं. राजा पाचवा फिलिप खिन्नतेने पार खचला होता. राज्यकारभार तर सोडाच, अंघोळीचाही कंटाळा. गाणं कानी पडलं आणि राजा हलला. पुढे 1746 मध्ये तो वारला तोवर फारिनेल्ली रात्रीमागून रात्र त्याच्यासाठी गात राहिला. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. ब्रिटिश राजदूत कीन यांनी मात्र हेही लिहून ठेवलंय, की ऐकलेली गाणी राजा स्वतः म्हणू लागे आणि म्हणता म्हणता ओरडत सुटे. आजार गेला नव्हता; रात्र निभत होती, इतकंच.

सुरांनी मन ताळ्यावर येतं, हे कुणाला शोधून काढावं लागलं नाही. कोडं होतं ते कसं येतं याचं. नाट्यशास्त्राने करुण रसाला गांधार-निषाद हे स्वर दिले, हास्य-शृंगाराला मध्यम-पंचम. प्लेटोने तर मन हळवं करणाऱ्या स्वररचना आदर्श राज्यातून हद्दपारच केल्या. दोन्हीकडे हिशेब एकच: अमुक सूर, तमुक भावना.

1940 च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी वेगळी वाट धरली. उदास माणसापुढे एकदम उडती चाल लावू नका. आधी त्याच्या मनःस्थितीशी जुळेल असं वाजवा, मग हळूहळू लय बदला. हे ‘आयसो तत्त्व’ संगीतोपचारात आजही वापरतात. रडवेल्या माणसाला ‘हस बरं’ म्हणून कोण हसलंय?

1956 मध्ये संगीत-अभ्यासक लेनर्ड मायर यांनी म्हटलं, की भावना जागते ती अपेक्षेतून. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) सुरू झाली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कळतं, तरी ती येईपर्यंत श्वास अडकतोच. हे मेंदूत दिसायला 2011 उजाडलं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांना आढळलं, की अंगावर काटा येण्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन वाढतं, आणि त्या क्षणाची वाट पाहताना दुसऱ्याच भागात. 2019 मध्ये डोपामिन वाढवणारं औषध देऊन पाहिलं, तर गाण्यातला आनंद वाढला. रोखणारं दिलं, तर घटला.

(मधल्या काळात ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ची लाट येऊन गेली. 1993 चा तो मूळ प्रयोग 36 विद्यार्थ्यांवरचा, आणि परिणाम जेमतेम 10-15 मिनिटांचा. बाळांसाठीच्या सीडी मात्र धडाक्यात खपल्या.)

मला 2011 च्या त्या शोधाआधीचा, 2001 चा प्रयोग जास्त आवडतो. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे या संशोधकांनी 10 जणांना स्वतःच्या अंगावर काटा आणणारं संगीत घेऊन यायला सांगितलं. तुलनेसाठी प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी आणलेलं ऐकवलं. एकाचा रोमांच दुसऱ्यासाठी नुसतंच संगीत ठरला.