हात डब्याकडेच का जातो?

मोबाइलवर दर जानेवारीत एक संदेश हमखास फिरतो: '२१ दिवस साखर सोडा, सवय कायमची सुटेल.' हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. पुढे 'निदान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी साखर आली. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी रोज नोंदवून घेतल्या, तेव्हा त्या अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांचा. त्याच संदेशाखाली 'डिटॉक्स' रसाची जाहिरात असते, तिच्यावर पैसे घालवू नका. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच.

दुपारचे चार वाजतात. आधण उकळतं, आलं किसलं जातं, आणि भूक असो नसो, हात फरसाणाच्या डब्याचं झाकण उघडतो. हे ठरवतं कोण?

मेंदूच्या आत खोलवर 'स्ट्रायटम' नावाचा भाग आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या गटाने उंदरांच्या या भागात अतिशय बारीक तारा बसवल्या आणि त्यांना टी अक्षरासारख्या बोळात सोडलं. वाटेत एक आवाज ऐकू येई, त्यावरून डावीकडे वळायचं की उजवीकडे हे कळे, टोकाला चॉकलेट. सुरुवातीला उंदीर हुंगत, थबकत जात, तेव्हा तिथल्या पेशी वाटभर काम करत होत्या. शेकडो फेऱ्यांनंतर त्या मुख्यतः धाव सुरू होताना आणि संपताना जाग्या होऊ लागल्या. मधली वाट जवळजवळ शांत! सगळ्या हालचालींचं जणू एक गाठोडं बांधलं गेलं होतं. आता पहिली खूण मिळाली की अख्खं गाठोडं उलगडतं. 'खाऊ की नको' हे विचारायला मधे जागाच उरत नाही.

मला थक्क करतं ते पुढचं. बक्षीस बंद केलं की हा नमुना विरत गेला, पण बक्षीस पुन्हा सुरू होताच तो परतला. म्हणजे सवय पुसली गेलीच नव्हती, नुसती झाकली गेली होती. दोन महिने नेटाने गोड सोडलेला माणूस दिवाळीच्या चार दिवसांत मूळ पदावर येतो, त्याला 'मनावर ताबा नाही' म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे.

मग धरायचं ते खुणेलाच. अमेरिकेत सिनेमागृहात काही प्रेक्षकांना ताजं, तर काहींना आठवड्यापूर्वीचं शिळं पॉपकॉर्न दिलं. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्नची पक्की सवय होती, त्यांनी ते न आवडताही ताज्याइतकंच खाल्लं. मीटिंग रूममध्ये मात्र, जिथे सिनेमागृहाची खूण नव्हती, तशाच सवयीच्या लोकांनी शिळं कमी खाल्लं. सिनेमागृहातही नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हा शिळं कमीच गेलं.

तेव्हा फरसाणाचा डबा ओट्यावरून माळ्यावर जाऊ द्या, त्याच्या जागी फुटाण्यांची बरणी ठेवा. चहा ओट्याशी उभ्याने न पिता गॅलरीत न्या, आणि कप उजव्या हातात धरा, म्हणजे खायला सवयीचा हात मोकळा राहणार नाही.