किडनीच्या छोट्या गाठीवर लक्ष ठेवणं

किडनीत ४ सेंटीमीटर किंवा त्याहून छोटी गाठ सापडली की ती लगेच ऑपरेशन करून न काढता ठरलेल्या तारखांना स्कॅन करून तिच्यावर लक्ष ठेवायचं, ह्याला डॉक्टर लोक अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. बहुतेक वेळा ही गाठ शोधायला कोणी गेलेलंच नसतं, पोट दुखतंय म्हणजे मूतखडाच असेल म्हणून नागपुरात धंतोलीत नाहीतर रामदासपेठेत सोनोग्राफी केली आणि खड्याच्या जागी २ सेंटीमीटरची गाठ निघाली, असंच होतं, आणि मग घरात सगळ्यांचं एकच सुरू, काढून टाका बावा लवकर.

घाबरणं साहजिकच आहे पण ह्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. ऑपरेशन करून काढलेल्या अशा छोट्या गाठींपैकी साधारण ५ मधली १ साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघते, ऑन्कोसायटोमा नावाची वगैरे, आणि ज्या कॅन्सरच्या असतात त्यातल्याही बऱ्याच सरासरी वर्षाला ३ मिलिमीटरच्या आसपासच वाढतात, काही तर वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. लक्ष ठेवलेल्या पेशंटमध्ये पहिल्या काही वर्षांत गाठ दुसरीकडे पसरण्याचं प्रमाण १०० मध्ये १-२ इतकं दिसलंय. शून्य नाही, हे पेशंटला आधीच स्पष्ट सांगायला पाहिजे. अमेरिकेत २००९ पासून अशा छोट्या गाठींच्या पेशंटची डिझर्म (DISSRM) नावाची नोंदणी सुरू आहे, त्यात लगेच उपचार घेतलेले आणि लक्ष ठेवलेले अशा दोन्ही गटांत ५ वर्षांनंतर ह्या कॅन्सरने दगावलेले जवळपास कोणीच नव्हते.

वय झालेलं, हार्टचा त्रास, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं) किंवा एकच किडनी, अशांसाठी हा मार्ग जास्त योग्य. तरुण आणि धडधाकट माणसाला मात्र बहुतेक वेळा गाठीपुरता भाग काढून बाकी किडनी वाचवायचं ऑपरेशनच सुचवतात, कारण त्याला पुढची ३०-४० वर्षं स्कॅन करत बसावं लागेल. बायोप्सीबद्दल, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल, आपल्याकडे भीती फार, सुई लावली की पसरतो म्हणतात, पण तसं होणं अतिशय दुर्मिळ आहे, खरी अडचण ही की कधीकधी सुईच्या तुकड्यातून नक्की उत्तरच मिळत नाही.

सुरुवातीला सीटी किंवा एमआरआय, मग ३ ते ६ महिन्यांनी परत, गाठ शांत असली की वर्षातून एकदा. वर्षात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली, ३-४ सेंटीमीटरच्या पुढे गेली किंवा लघवीतून रक्त आलं तर ऑपरेशनचा किंवा गाठ जाळायचा-गोठवायचा विचार करतात, आणि तोपर्यंत थांबल्यामुळे किडनी वाचवायची संधी सहसा जात नाही.

हे सगळं तारखा पाळल्या तरच. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला, एम्सला गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्यावरून लोक येतात, पेरणी आली, घरी लग्न निघालं की तारीख हुकते, दुखत तर काहीच नसतं म्हणून मग २ वर्षं कोणी फिरकत नाही, आणि ते लक्ष ठेवणं नाही, ते सोडून देणं झालं. मे महिन्यात ४५ डिग्रीत बसने तहानलेलं येऊन थेट कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन केलेला) सीटी करू नये, आधी क्रिएटिनिन बघावं, पाणी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारावं. आणि जुन्या स्कॅनची सीडी सोबत आणायचीच, नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून २-३ मिलिमीटरचा फरक गाठीचा की मोजणाऱ्याचा ते कळत नाही.