जॉन डे जीवाश्मभूमी: हाडाइतकाच थरही मोलाचा

जॉन डे हा व्हर्जिनियाचा शिकारी. सापळे लावून फरचे प्राणी पकडायचे, हा त्याचा धंदा. अ‍ॅस्टर नावाच्या व्यापाऱ्याच्या फर कंपनीच्या तुकडीबरोबर तो पश्चिमेला आला आणि १८१२ साली कोलंबिया नदीला मिळणाऱ्या एका नदीच्या मुखाजवळ लुटला गेला. पुढे त्या नदीला त्याचं नाव पडलं आणि नदीवरून अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या या जीवाश्मभूमीला. इथल्या हाडांचं महत्त्व मात्र १८६०च्या दशकात थॉमस काँडन या पाद्र्याने ओळखलं. १९७५पासून ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित आहे.

जुनी हाडं जगात बऱ्याच ठिकाणी निघतात. पण इथे सुमारे ४ कोटी वर्षांचे थर एकावर एक साचले आहेत आणि मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. हे पट्टे म्हणजे या भूमीचं घड्याळच. राखेतल्या फेल्डस्पार या खनिजाच्या स्फटिकांत किरणोत्सारी पोटॅशियम असतं आणि त्याच्या काही भागाचा संथपणे अरगॉन वायू होत राहतो. साठलेला अरगॉन मोजला की उद्रेकाचा काळ कळतो. ओढ्याने वाहून आणलेला जुना स्फटिक राखेत मिसळला, तर वय फुगतं. झिजलेल्या स्फटिकातून अरगॉन निसटला, तर घटतं. म्हणून ताजे स्फटिक निवडून एकेक वेगळा तपासतात.

दोन पट्ट्यांमधल्या हाडाचं वय त्या दोन तारखांच्या मध्ये येतं. पण टेकडीच्या पायथ्याशी पडलेला जबडा वरच्या कुठल्याही थरातून घरंगळलेला असू शकतो. त्यामुळे हाड दिसलं की आधी जागा, थर आणि जवळच्या राखेपासूनचं अंतर नोंदवतात, मग खणतात. भोवतीचा खडक कोरून हाड चबुतऱ्यावर ठेवल्यासारखं मोकळं करतात. त्यावर ओला कागद आणि वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटतं. बुड घाईने पोखरलं तर उलटवताना हाड निसटून फुटतं.

या जीवाश्मभूमीच्या क्लार्नो भागातल्या ४.४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात फळांच्या आणि बियांच्या १७३ जाती ओळखल्या गेल्या आहेत. त्यांत केळीच्या कुळातल्या बियाही आहेत! आज तिथे रखरखीत माळ आहे. इथल्याच पेंटेड हिल्स या टेकड्यांमधले लाल पट्टे ही उष्ण, दमट काळातली माती: पावसाने बाकीचं बरंच धुऊन नेलं आणि लोहाची ऑक्साइडं मागे राहिली. कोकणातला जांभाही असाच लाल होतो. ही चिकणमाती इतकी नाजूक आहे की पायवाट सोडून टाकलेल्या पावलाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो.

इथून जीवाश्म उचलणं गुन्हा आहे. फिरताना एखादं हाड दिसलंच, तर हात न लावता शेजारी नाणं ठेवून एक फोटो जवळून आणि एक टेकडीसह लांबून घ्यावा, जागा टिपून घ्यावी आणि रेंजरला कळवावं. थर शोधायला लांबून घेतलेला फोटोच जास्त उपयोगी पडतो.