नळाची पाळी, गच्चीवरची वाळवणे

सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी शिकवणीचे वर्ग भरत त्या खोलीत, आमच्या सामायिक प्रयोगशाळेचा सर्व्हर, म्हणजे अनेकांनी दुरून वापरायचा संगणक, ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही आणि त्याच्यासमोर खुर्चीही नाही. १६ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी १६ कामे करू शकणारा, प्रोसेसर, ६४ जीबी मेमरी, चार डिस्क आणि पंख्यांची अखंड घरघर एवढाच त्याचा संसार. जे तीसेक लोक त्याचा वापर करतात, त्यांपैकी निम्म्यांनी ती खोली कधी पाहिलेली नाही. कोणी हडपसरहून काम करतो, कोणी जुन्नरहून, तर कोणी रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोथरूडच्या घरातील जेवणाच्या टेबलावरून.

ही सगळी ये-जा ज्या दारातून होते, त्याचे नाव एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी कुलूपबंद जोडणी करून देणारा प्रोग्राम. त्यापूर्वी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेट वापरले जाई आणि त्यात पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा, उघडा जात असे. मधल्या कोणत्याही यंत्रावर कान लावून बसलेल्याला तो सहज वाचता येई. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड टिपले गेले, तेव्हा तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. संगणकावर प्रत्येक सेवेला क्रमांकाचे एक दार, म्हणजे पोर्ट, असते. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचे दार २१ क्रमांकाचे आणि टेलनेटचे २३ क्रमांकाचे; मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागितला आणि त्यांना मिळालाही. आजही जगभर एसएसएच याच क्रमांकावर चालते.

एसएसएच सगळे बोलणे एका गुपित संख्येने कुलूपबंद करून पाठवते. दोन यंत्रांनी उघड्या तारेवर बोलूनही हे गुपित कसे ठरवावे, याचे उत्तर व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दिले होते. ते लहान आकड्यांत करून पाहता येते. मी आणि सर्व्हर यांनी सर्वांसमक्ष ५ आणि २३ या संख्या ठरवल्या असे समजा. मी मनात ७ धरतो, ५ चा सातवा घात ७८,१२५ काढतो, त्याला २३ ने भागतो आणि उरलेली बाकी १७ सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर मनात ३ धरतो. १२५ ला २३ ने भागून उरलेले १० मला पाठवतो. आता मी त्या १० चा सातवा घात काढून २३ ने भागले, तर बाकी १४ येते. सर्व्हरने माझ्या १७ चा तिसरा घात, म्हणजे ४,९१३, काढून तसेच केले, तर त्याचीही बाकी १४ येते. हे १४ आमचे गुपित, आणि ते तारेवरून गेलेलेच नाही. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती ५, २३, १७ आणि १० एवढेच लागले. इतक्या लहान संख्यांवरून तो माझा ७ क्षणात शोधून काढील हे खरे. परंतु संख्या शेकडो अंकी असल्या, की उलट्या दिशेने जाण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांना ठाऊक नाही. सध्या याच कल्पनेची विशिष्ट वक्रांवर मांडलेली आवृत्ती अधिक प्रचलित आहे, कारण तिच्यात लहान संख्यांत तेवढीच सुरक्षितता मिळते.

या देवाणघेवाणीतून गुपित ठरते, पण समोरचा कोण आहे हे कळत नाही. म्हणूनच पहिल्यांदा जोडताना पडद्यावर सर्व्हरचा 'अंगठा', म्हणजे अक्षरे आणि अंक यांची एक अगम्य ओळ उमटते आणि पुढे जायचे का असे विचारले जाते. बहुतेक सगळे न वाचता 'यस' लिहितात. मीही कित्येक वर्षे तसेच केले. आता नव्या वापरकर्त्याला खाते देताना आम्ही ती ओळ कागदावर छापून हातात ठेवतो आणि शेवटची आठ अक्षरे तरी जुळवून पाहा, असे सांगतो. खुद्द वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरली जाते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील एका फाइलीत एका ओळीत मावते. खासगी किल्ली वापरकर्त्याच्या लॅपटॉपवरच राहते आणि ती आपल्याकडे आहे एवढेच तो गणिती सहीने सिद्ध करतो. ही खासगी फाइल त्या लॅपटॉपवरील इतर खात्यांना वाचता येईल अशी ठेवली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. नव्या मंडळींचा पहिला वैताग बहुधा येथेच होतो, पण त्या नकाराची बाजू खरी आहे. आमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत दर रात्री अनोळखी ठिकाणांहून 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी दार ठोठावल्याच्या नोंदी हजारांच्या घरात असतात. पासवर्ड मुळातच चालत नसल्याने हे सगळे बाहेरच राहतात.

आत आल्यावर पहिला धडा तुटणाऱ्या जोडणीचा असतो. मुंबईच्या गाडीत बसून एखादे मोठे गणित सुरू केले आणि खंडाळ्याच्या बोगद्यांत मोबाइलचे जाळे गेले, तर जोडणी तुटते आणि सर्व्हर त्या गणिताला 'हँग-अप' हा संकेत पाठवून ते बंद करतो. हे नाव टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरण्याच्या काळातले आहे. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. यावर उपाय सोपा आहे. टीमक्ससारखा प्रोग्राम सर्व्हरवरच एक खोली उघडून ठेवतो, आपण त्या खोलीत जातो आणि बाहेर येतो, आतले काम मात्र चालूच राहते.

खरा प्रश्न असतो तो वाटणीचा. प्रोसेसरचा वेळ वाटण्याचे काम सर्व्हर ज्या कार्यप्रणालीवर चालतो त्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःच करतो. चालू कामांना तो काही सहस्रांश सेकंदांच्या पाळ्या देतो आणि कोणाला किती वेळ मिळाला याचा हिशेब ठेवतो. १६ कोअरवर ३२ कामे आली, तर प्रत्येकाला निम्मा वेग मिळतो; कोणी उपाशी राहत नाही. वाड्यातील सामायिक नळासारखी ही व्यवस्था आहे: घागर भरायला वेळ लागेल, पण पाळी येणार. शिवाय प्रत्येक कामाला 'नाइस' नावाचा, म्हणजे सौजन्याचा, एक अंक असतो. तो उणे २० पासून १९ पर्यंत जातो आणि जितका अधिक, तितके ते काम मागे सरकून इतरांना वाट देते. साध्या वापरकर्त्याला हा अंक वाढवता येतो, कमी करता येत नाही. स्वतःहून मागे सरण्याची मुभा आहे, पुढे घुसण्याची नाही, हा नियम ज्याने केला त्याला नळावरची भांडणे माहीत असावीत.

मेमरीला मात्र नळाचा न्याय लागू पडत नाही. ती उन्हाळ्यातल्या गच्चीसारखी असते. एकाने कुरडया आणि पापड पसरले, की ती जागा वाळवण उचलेपर्यंत गेली. तिच्या पाळ्या लावता येत नाहीत, आणि हे मी दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकलो.

वेताळ टेकडीवर पहाटे केलेली पक्ष्यांच्या आवाजांची ४० तासांची ध्वनिमुद्रणे माझ्याकडे होती. डिस्कवर त्यांचा आकार सुमारे १४ जीबी होता. ६४ जीबीच्या यंत्राला १४ जीबी म्हणजे काहीच नाही, असे मनाशी म्हणून मी ती आठ प्रक्रियांत, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणाऱ्या आठ कामांत, वाटली, प्रत्येकीला पाच तासांचा आवाज एकदम मेमरीत घ्यायला सांगितले आणि झोपलो. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने होते. फाइलीत प्रत्येक नमुना २ बाइटचा असतो, पण गणितासाठी माझा प्रोग्राम त्याचे ८ बाइट करीत होता, याचा विचार मी केला नव्हता. म्हणजे एका तासाचे १.३८ जीबी, पाच तासांचे ६.९ आणि आठ प्रक्रियांचे मिळून ५५ जीबी. त्याच यंत्रावर एका विद्यार्थिनीचे मुळा-मुठेच्या पुराचे प्रतिमान सहा दिवसांपासून चालू होते आणि तिच्या एकाच प्रक्रियेने ११ जीबी घेतले होते.

सकाळी तिचा निरोप आला. "दादा, रात्री सव्वादोनला माझे काम बंद पडले. वीज गेली होती का?" पुण्यात असा प्रश्न आधी विजेचाच येतो, आणि त्यातून तो गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार होता. वीज गेली नव्हती. लिनक्स मेमरी देताना उदार असतो. मागेल त्याला तो होकार देतो आणि प्रत्यक्ष जागा त्या भागात काही लिहिले जाईल तेव्हाच देतो. दिलेले सगळे होकार एकाच वेळी पाळण्याची वेळ आली आणि जागा उरली नाही, तर संपूर्ण यंत्र ठप्प होऊ नये म्हणून तो एखाद्या प्रक्रियेचा बळी घेतो. बळी निवडताना तो मुख्यतः सर्वांत अधिक मेमरी खाणारी प्रक्रिया पाहतो. प्रक्रिया, व्यक्ती नव्हे. माझ्या आठांपैकी प्रत्येक सात जीबीच्या आत होती आणि तिची एकटी ११ जीबीची. नोंदवहीतल्या तक्त्यात माझा वापरकर्ता क्रमांक एकाखाली एक आठ ओळींत होता आणि तळाशी, मारलेल्या प्रक्रियेपुढे, तिचा क्रमांक होता.

मी तिला काय घडले ते कळवले. ती रागावली नाही, हे मला अधिक लागले. माझा प्रोग्राम दुरुस्त करायला अर्धा तास पुरला. पाच तासांऐवजी एक-एक मिनिटाचा आवाज मेमरीत घेतला, की एका प्रक्रियेला त्यासाठी २३ एमबी पुरतात, आणि उत्तर तेच येते. तिनेही आपले प्रतिमान दर तासाला स्थिती डिस्कवर लिहून ठेवील असे केले. पुढच्या आठवड्यात आम्ही प्रत्येक वापरकर्त्याला १६ जीबीची कमाल मर्यादा घातली. एका वापरकर्त्याच्या सगळ्या प्रक्रियांची मोट बांधून तिच्यावर एकत्रित मर्यादा लावण्याची ही सोय लिनक्समध्ये २००८ पासून आहे. आम्हालाच ती लावण्याची बुद्धी उशिरा झाली.

मोठ्या यंत्रांवर असे प्रसंग टाळण्यासाठी रांग असते. पुण्याला अशा यंत्रांची सवय जुनी आहे. १९८८ मध्ये येथे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिचा 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' आहे आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा हजार लाख कोटी आकडेमोडी, एवढ्या क्षमतेचा 'अर्क' आहे. या जातीच्या महासंगणकांवर वापरकर्ता ज्या यंत्रावर दाखल होतो, ते केवळ ओसरीसारखे असते; तेथे फाइली संपादित कराव्यात, गणिते चालवू नयेत. किती कोअर, किती मेमरी आणि किती वेळ हवा हे लिहून काम रांगेत द्यायचे आणि जागा झाली की ते आतल्या यंत्रांवर सुरू होते. येथे खोटे बोलणे अंगाशी येते. दोन तासांच्या कामासाठी खबरदारी म्हणून २४ तास मागणारा मागेच राहतो, कारण मोठ्या कामासाठी राखून ठेवलेल्या यंत्रांवर मधे दोन-तीन तासांची फट असेल, तर रांग लावणारा प्रोग्राम तीत बसणारे लहान काम पुढे घेतो. रविवारी हॉटेलाबाहेर सहा जणांचे कुटुंब नाव लिहून ताटकळत असताना एकट्या माणसाला आत बोलावतात, तसेच हे.

डिस्कची कथा मेमरीसारखीच आहे, फक्त संथ. ती भरली की इतरांच्या फाइली अर्धवट लिहिल्या जातात आणि ते कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

निघून गेलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आम्ही फार दिवस टाळला. मे २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातील 'आर्चर' आणि युरोपातील आणखी काही महासंगणक बाहेरच्यांसाठी बंद ठेवावे लागले होते, कारण चोरीला गेलेल्या एसएसएचच्या ओळखी वापरून कोणी तरी आत शिरले होते. कुलूप फुटले नव्हते, किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. ते आठवून मागच्या महिन्यात आम्ही प्रत्येक खात्याच्या शेवटच्या वापराची तारीख काढली. ३१ पैकी नऊ खाती वर्षभर उघडली गेली नव्हती. नऊ जणांना पत्रे पाठवली आणि सहा उत्तरे आली. त्यांतले एक उत्तर आता बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका मुलाचे होते. त्याने तो लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात विकला होता आणि विकताना डिस्क पुसली होती की नाही, हे त्याला आठवत नव्हते. त्याची सार्वजनिक किल्ली आमच्या सर्व्हरवर त्या दिवसापर्यंत चालू होती. फाइलीतील ती एक ओळ आम्ही त्याच संध्याकाळी काढून टाकली.