अधिवेशनाआधी गावाचं काम आमदारांच्या यादीत घालायचं असेल तर: कागद कुठे अडतो

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की आमदारांच्या संपर्क कार्यालयात निवेदनांचा ढीग लागतो. लेटरहेड, सरपंचांचा शिक्का, खाली पंधरा-वीस सह्या आणि मजकूर एकच: "गावाला रस्ता मंजूर करून मिळावा, ही विनंती." आमदार त्यावर शेरा मारतात, पत्र संबंधित खात्याला जातं आणि काही महिन्यांनी "कागदपत्रांसह परिपूर्ण प्रस्ताव सादर करावा" असं उत्तर येतं. तोवर अधिवेशनही संपतं आणि त्या वर्षीचा निधीही. निवेदन म्हणजे मागणी, प्रस्ताव नव्हे. प्रस्ताव कसा होतो आणि तो कुठे परत येतो, ते इथे दिलं आहे.

आधी ठरवा, पैसा हवा की उत्तर हवं

ही दोन वेगळी कामं आहेत आणि निम्मा घोळ ती एका कागदात कोंबल्याने होतो. रस्ता, सभागृह, गटार, वर्गखोली हवी असेल तर निधीचा प्रस्ताव लागतो. मंजूर योजना बंद का पडली, डॉक्टरचं पद रिकामं का, नुकसानभरपाई का अडली, हे विचारायचं असेल तर ते सभागृहातल्या प्रश्नाचं किंवा लक्षवेधीचं (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) काम आहे.

निधीचीही दारं वेगवेगळी आहेत. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी असतो, आणि तो अख्ख्या मतदारसंघासाठी. त्यातून एका गावाचा 2 कोटींचा रस्ता मागू नका. ग्रामीण भागातल्या मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकास विभागाचं 2515 लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) आहे, ज्याला सगळे "पंचवीस-पंधरा" म्हणतात. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी) जातात. छोटी ग्रामीण कामं जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. कोणत्या दारातून जायचं हे आमदारांच्या स्वीय सहायकाला आधी विचारून घ्या, कारण त्या वर्षी कुठे किती शिल्लक आहे ते त्यालाच माहीत असतं.

मुदत: अधिवेशनाची तारीख ही तुमची तारीख नाही

राज्यात वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. लोक वर्तमानपत्रात तारीख वाचतात आणि आदल्या आठवड्यात निवेदन घेऊन येतात. तोवर उशीर झालेला असतो. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधीच संपते. पुरवणी मागण्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच मांडल्या जातात, म्हणजे त्यातली यादी खात्यात त्याआधीच पक्की होते. पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडाही जानेवारीच्या आसपास ठरतो. मार्चमध्ये आलेला कागद त्या वर्षासाठी मेलेला कागद असतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली तर कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) मिळालेलं पण जागेवर सुरू न झालेलं कामही थांबतं. निवडणूक जवळ असेल तर दोन महिने आधी हलवा.

काम कोणाचं आहे

रस्त्याचा क्रमांक माहीत नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. "अमुक वस्ती ते तमुक फाटा" एवढं लिहून चालत नाही, ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) क्रमांक आणि किलोमीटर कुठून कुठपर्यंत, हे लागतं. तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिळतो. रस्त्याला क्रमांकच नसेल, तर तो आधी रस्ते विकास आराखड्यात घ्यावा लागतो. ही वेगळी आणि लांबलचक फाइल आहे, ती आजच सुरू करा. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी स्वतंत्र योजना आहे. ते ग्रामीण मार्ग म्हणून मागितले की परत येतात.

रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर कडेचा फलक नीट वाचा. त्यावर ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम असते. ही पाच वर्षं संपली नसतील तर खड्डे बुजवण्याची जबाबदारी ठेकेदाराचीच आहे. त्यासाठी आमदारांकडे निधी मागणं म्हणजे ठेकेदाराला मोकळं सोडणं. फलकाचा फोटो लावून कार्यकारी अभियंत्याकडे तक्रार करा.

बंधाऱ्याचंही तसंच. सिंचनक्षमता 100 हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, त्यापुढे 600 हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभाग, त्याहून मोठं काम जलसंपदा विभागाचं. रेल्वे फाटक, राष्ट्रीय महामार्गाचा सर्व्हिस रोड, टपाल कार्यालय हे केंद्राचे विषय. ते खासदारांकडे न्या.

जागा: बहुतेक प्रस्ताव इथेच पडतात

सभागृह, अंगणवाडी, व्यायामशाळा, स्मशानभूमीचं शेड. पैसे मिळतात, जागा मिळत नाही. सगळ्यात जास्त आढळणारा कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं संमतीपत्र: "माझ्या गट क्रमांकातील दोन गुंठे जागा समाजमंदिरासाठी विनामोबदला देत आहे." यातून जागा ग्रामपंचायतीची होत नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागलं, की मगच जागा तुमची. देणारा वारला आणि मुलांनी बांधकाम अडवलं, असं गावोगावी घडलं आहे. भल्या माणसाने दिलेली जागा त्याच्या हयातीतच नोंदवून घ्या, त्यात संकोच नको.

सातबारा घेताना "इतर हक्क" हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कूळ, देवस्थान इनाम, "हस्तांतरणास बंदी" यांपैकी काहीही तिथे असेल तर प्रस्ताव अडणार. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा.

गावठाणातल्या जागेसाठी लोक तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सातबाऱ्यासाठी खेटे घालतात. गावठाणातल्या घरजागेला सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) चालते. ती नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 लावतात, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोन मोजणी झालेल्या गावांनी मिळकत पत्रिकाच काढावी.

गायरानावर काम सुचवायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, आमदारांचं पत्र नंतर. वनजमिनीला मात्र एक वाट आहे आणि ती फार थोड्या ग्रामपंचायती वापरतात. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा 13 सुविधांसाठी प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. "वन विभाग देत नाही" म्हणून विषय सोडून देण्याआधी हा अर्ज करून पाहा.

ठराव आणि कामाचं नाव

शक्यतो ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा नाही, ग्रामसभेचा ठराव जोडा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, पण तिथे विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही. म्हणून काम मूळ नोटिशीतच लिहा. ठरावावर क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदक हवेत.

आणि नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर एकच हवं. ठरावात "मारुती मंदिर ते बसस्थानक रस्ता काँक्रीटीकरण", अंदाजपत्रकात "हनुमान मंदिर ते एसटी स्टँड", शिफारस पत्रात नुसतं "अंतर्गत रस्ता" असेल तर नियोजन कार्यालयाच्या लेखी ती तीन वेगळी कामं होतात. गावात सगळ्यांना कळतं, पण मुख्यालयात बसलेल्या माणसाला नाही, आणि तो फोन करून विचारत नाही. त्रुटी काढून फाइल परत पाठवतो. एवढ्या कारणासाठी गावाचं वर्ष जावं हे संताप आणणारं आहे, पण ते तुमच्या हातात आहे. नाव एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे वापरा.

बाकी कागद सरळ आहेत: उपअभियंत्याचं अंदाजपत्रक, जागेचा नकाशा, अक्षांश-रेखांशासह फोटो, हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नसल्याचा दाखला आणि देखभाल-दुरुस्तीचं हमीपत्र. पुढची तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता कार्यालयं आपसांत करतात.

प्रश्न विचारायचा असेल तर

एका कागदावर एकच विषय, एकच खातं. कधी, कुठे, किती, कोणत्या आदेशाने, हे चार ओळींत लिहा आणि आदेशाची प्रत लावा. न्यायप्रविष्ट प्रकरण देऊ नका. "भ्रष्टाचार झाला आहे" याऐवजी "अमुक तारखेला देयक अदा झालं, टाकी अजून अपूर्ण आहे" असं लिहा. पहिल्याला मंत्री "हे खरे नाही" असं उत्तर देऊन मोकळे होतात. दुसऱ्याला तारीख आणि रक्कम सांगावी लागते. प्रश्नाची मुदत हुकली आणि विषय तातडीचा असेल तर आमदारांना विधानसभा नियम 105 खालची लक्षवेधी सूचना देता येते.

दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि पाठपुरावा त्या क्रमांकावरच करा. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्या दिवशीच्या कार्यवाहीची प्रत आमदारांच्या कार्यालयातून मागून ठेवा. आश्वासन पाळलं गेलं नाही तर विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाताना तीच प्रत लागते.